ओव्हरहेड कपाटांच्या माथ्यावर कोणती पट्टी लावावी?

प्रश्न : मुलुंडला आमचा जुन्या इमारतीतला फ्लॅट आहे. मागच्या वर्षी मॉड्युलर किचन करून घेतलं. ओटा एल आकाराचा, वरची कपाटं राखाडी मॅट लॅमिनेटच्या सपाट शटरची. कपाटांचा माथा जमिनीपासून ७ फूट २ इंचांवर आहे. लांब भिंतीवर खिडकीकडचं कपाट अडीच फुटी, मग दोन फुटांची चिमणी, मग कोपऱ्यापर्यंत चार फूट कपाटं. आडव्या भिंतीवर कोपऱ्यापासून पाच फूट. शटरसकट खोली साडेतेरा इंच. लांब भिंतीवर पीओपीच्या सीलिंगपर्यंत १४ इंच मोकळे आहेत, पण खिडकीकडून कोपऱ्याकडे येताना ते पाऊण इंचाने कमी होतात. आडव्या भिंतीवर बिल्डरने दिलेला आरसीसी माळा आहे, तिथे जेमतेम ५ इंच. चिमणीचा सहा इंची पाइप खिडकीकडच्या कपाटावरून बाहेर काढलाय, तो थेट हॉलमधून दिसतो. सुतार म्हणतो, वरून पीओपीचं कॉर्निस फिरवून देतो. दुकानदाराने थर्माकोलसारखी हलकी नक्षीदार पट्टी दाखवली. मुलीला एलईडीवाली अॅल्युमिनियमची पट्टी हवी आहे आणि सासूबाईंना वर पितळेचे डबे मांडायचे आहेत. काय घ्यावं, किती घ्यावं, आणि पावसाळ्याआधी उरकावं का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मापं इतकी नीट पाठवलीत, त्यामुळे उत्तरही मापांतच देता येईल.

नक्षीचा विचार शेवटी करा. पहिला निर्णय कपाटांच्या वर उरलेल्या पोकळीचा, आणि तुमच्याकडे तशा दोन वेगवेगळ्या पोकळ्या आहेत. ढोबळ हिशोब असा : सहा इंचांपर्यंतची फट पूर्ण बंद करावी. दीड फुटाच्या पुढे जागा असेल तर तिथे शटरवाली आणखी एक रांग करून घ्यावी, मुंबईत साठवणीची जागा कुणाला नको असते! मधल्या मापात मात्र कपाटाच्या माथ्यावर अडीच-तीन इंची पट्टी फिरवून वरची जागा उघडी ठेवणं बरं. सर्वांत वाईट ती अर्धवट फट. माळ्याखालच्या ५ इंचांत ३ इंची पट्टी लावलीत, तर वर दोन इंच उरतील. त्यात हात जात नाही, फडकं जात नाही, झुरळं मात्र आरामात जातात. म्हणून आडव्या भिंतीवर फट पूर्ण बंद आणि लांब भिंतीवर १४ इंच उघडे, पण दोन्हीकडे पट्टीची पुढची रेघ एकाच उंचीवर, असं आमचं मत आहे.

लांब भिंत सीलिंगपर्यंत बंद का करू नये, असं तुमच्या मनात येईल. दोन कारणं आहेत. एक, तिथे चिमणीचा पाइप आहे. त्याचा सांधा कधी सुटतो, टेप कधी निघते, आणि दर वेळी पॅनेल उचकटायला लागतं. दुसरं, सीलिंग पाऊण इंचाने, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सुतांनी, उतरतं आहे. पट्टी सीलिंगला टेकवली की हा उतार एरवी कुणाच्या लक्षात आला नसता तो रोज डोळ्यांत भरेल. पट्टी सीलिंगपासून लांब राहिली आणि कपाटाला समांतर गेली, तर सीलिंगचा वाकडेपणा कुणी बघायला जात नाही.

आता पाइप झाकायला पट्टी केवढी उंच हवी? दुकानदार म्हणेल, सहा इंचांचा पाइप म्हणून सहा इंची पट्टी. तशी गरज नसते, कारण आपण खालून वर बघतो. उभ्या माणसाचे डोळे साधारण ५ फुटांवर धरा. कपाटापासून सात फुटांवर उभं राहून पाहिलं, तर ३ इंची पट्टीच्या वरून जाणारी नजर मागे भिंतीलगतच्या पाइपच्या मध्याशी कपाटाच्या माथ्यापासून साडेसहा इंचांवर पोचते. त्यामुळे पाइप भिंतीला चिकटवून ठेवला, तर पूर्ण झाकला जातो. हॉलमधून, म्हणजे दहा फुटांवरून, तीच नजर साडेपाच इंचांवर येते आणि पाइपची वरची कड अर्धा इंच डोकावते. साडेतीन इंची पट्टी केली की तीही जाते. तुमचा पाइप हॉलमधून दिसतो म्हणता, तेव्हा साडेतीन इंच घ्या. मात्र आधी पाइप मागे सरकवून घ्या. तो मध्येच झोकांड्या खात गेला असेल, तर कितीही उंच पट्टी अपुरी पडेल. आणि झाकण्यासाठी म्हणून तो चेपू नका, वळणंही वाढवू नका. ओढ कमी होते आणि फोडणीचा धूर घरातच राहतो.

मापाची खात्री करायचा सोपा मार्ग : पुठ्ठ्याच्या साडेतीन इंची पट्ट्या कापा, कपाटांच्या माथ्यावर मास्किंग टेपने पुढे लावा आणि एक दिवस तशाच राहू द्या. सोफ्यावर बसून बघा, दारातून बघा. कागदावर बरी वाटणारी उंची छोट्या किचनमध्ये अंगावर येते का, ते तेव्हाच कळतं.

मटेरियलबद्दल तुमच्यापुढे आलेले तीनही पर्याय आम्ही नाकारू, पण कारणं वेगवेगळी आहेत.

पीओपीचं कॉर्निस सीलिंगला आणि भिंतीला ठीक, कारण ती हलत नाहीत. कपाट हलतं. शटर आपटतं, आत डबे भरले की माथा केसभर वाकतो, पावसाळ्यात प्लाय किंचित फुगतो. पीओपीला ही हालचाल सोसत नाही, महिन्या-दोन महिन्यांत सांध्यावर बारीक तडे जातात. पुढे कधी कपाट उतरवायचं झालं तर तोडण्यावाचून उपाय नाही.

थर्माकोलसारखी जी पट्टी दाखवली ती पॉलिस्टायरीनची. तिच्यावर नखाचा व्रण उमटतो, उष्णतेने ती मऊ पडते आणि थिनर लागला तर चक्क विरघळते. म्हणजे ऑइल पेंट किंवा स्प्रेचा रंग देण्याआधी दहादा विचार. तेलकट थर पुसायला जरा जोर लावला की नक्षीचे कंगोरे बोथट होतात. हॉलच्या सीलिंगला चालेल. गॅसच्या आसपास नको म्हणजे नको. तसलीच दिसणारी पण जड, कडक पॉलियुरेथेनची पट्टी मिळते. ती पाणी पीत नाही, रंगवता येते आणि चांगली टिकते. पण तुमच्या राखाडी लॅमिनेटला तंतोतंत जुळणारा रंग करून घेणं हे वेगळंच दुखणं आहे.

अॅल्युमिनियमच्या पट्टीला नावं ठेवायला जागा नाही, तिच्यातल्या एलईडीला आहे. कपाटावरून वर टाकलेला उजेड सीलिंगवर तिरपा घसरत जातो आणि पीओपीतला प्रत्येक चढउतार, प्रत्येक थापीची खूण दाखवतो. तुमचं सीलिंग पाऊण इंच उतरलेलं आहे, तेव्हा हा उजेड स्वतःहून ओढवून घेऊ नका. शिवाय वर साठलेली धूळही उजळून निघेल. मुलीची हौस कपाटांच्या खालच्या बाजूला पट्टी लावून पुरवा. ओट्यावर चिरताना उजेडाचा उपयोगही होईल. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारी छोटी डबी) फक्त असा ठेवा की काहीही न तोडता हाताला लागेल.

सागवानी बीडिंगही सुचवलं जाईल. घरात इतर काम सागवानी असेल आणि पॉलिश जुळणार असेल, तर रे रोडच्या वखारीतून चांगली मुरलेली पट्टी निवडून आणा आणि जोडण्याआधी निदान दोन आठवडे त्याच किचनमध्ये आडवी ठेवा. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत फुगतं-आकसतं, आणि म्हणूनच ४५ अंशांत जोडलेला कोपरा पावसाळ्यात एका टोकाला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या टोकाला उघडतो. राखाडी मॅट लॅमिनेटवर सागवान आम्ही तरी लावणार नाही. एमडीएफची तयार पट्टी स्वस्त आणि गुळगुळीत असते, पण कापलेलं टोक उघडं राहिलं की वाफेने बिस्किटासारखं फुगतं. घ्यायचीच झाली तर एचडीएचएमआर (ओलावा जास्त सोसणारा, घट्ट दाबलेला बोर्ड) घ्या आणि प्रत्येक काप सीलरने बंद करा.

तुमच्यासाठी आमची निवड : १८ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्क्याचा (म्हणजे मरीन, पाणी सोसणारा) प्लाय आणि त्यावर कपाटांवर आहे तेच लॅमिनेट. सपाट शटरवर सपाट पट्टी. नक्षीदार, गोलाईचं कॉर्निस चौकटीच्या शटरवर शोभतं, कारण शटरवर आधीच कंगोरे असतात. तुमच्या सरळ कडांवर ते उसनं आणल्यासारखं दिसेल आणि प्रत्येक खाचेत चिकट धूळ बसेल ती वेगळी. लॅमिनेटचा कोड नंबर जुन्या बिलावर किंवा कपाटाच्या कामातून उरलेल्या तुकड्याच्या मागे सापडेल. नवी शीट जुन्या लॉटची नसेल तर छटेत किंचित फरक पडू शकतो. म्हणून शीट घेण्याआधी एखादं शटर काढून दुकानात न्या आणि दिवसाच्या उजेडात शेजारी धरून बघा.

पट्टी दोन भागांची करा. एक उभी, ७० मिलिमीटर उंच, शटरच्या पुढच्या पातळीत. तिच्यावर दुसरी आडवी, १८ मिलिमीटर जाड आणि ६० रुंद, जी पुढे २० मिलिमीटर बाहेर येईल. एकूण उंची ८८, म्हणजे साडेतीन इंच. या छोट्याशा पायरीची सावली पडते आणि कपाटाचा माथा संपला असं नीट दिसतं. आडव्या पट्टीच्या पुढच्या कडेला २ मिलिमीटरचं एजबँड (कापलेली कड झाकणारी पट्टी) मशीनवर लावून घ्या, हाताने इस्त्री फिरवून नको. उभ्या पट्टीला फक्त समोरून लॅमिनेट मारलं तर आठ फुटांत ती धनुष्यासारखी वाकते. पाठीला साधं बॅलन्सिंग लॅमिनेट हवंच. सुतार ते वाचवू पाहतो, कारण मागचं कुणी बघत नाही.

बसवताना खरी गोम इथे आहे. तुमच्या कपाटांना पुढे चौकट नाही, शटर पूर्ण खोक्यावर बसतं. म्हणजे पट्टी ठोकायला समोर जागाच नाही. खोक्याच्या कडेवर ठोकली तर शटर अडकेल. म्हणून माथ्यावर आधाराची एक लाकडी पट्टी लागते, १८ बाय ४० मिलिमीटरची, भरीव लाकडाची. प्लायच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही, थर फाटतात. ती ४० च्या बाजूने उभी ठेवायची, खोक्याच्या पुढच्या कडेशी जवळजवळ समपातळीत, आणि कपाटाच्या आतून वर स्क्रू मारायचे. ८ नंबरचा दीड इंची स्क्रू घ्या. माथ्याची फळी १८ ची असेल तर लाकडात २० मिलिमीटर जातो, तेवढा पुरे. फळीत साडेचार मिलिमीटरचं भोक, लाकडात आधी अडीच-तीनचं बारीक भोक, दर दहा-बारा इंचांवर एक स्क्रू. पुढची शोभेची पट्टी या आधाराच्या पट्टीला मागून ३० मिलिमीटरच्या स्क्रूने खाली जमिनीवरच जोडून घ्यायची आणि मग सगळं एकदम वर ठेवायचं. समोर एकही खिळ्याचं भोक दिसत नाही. दिवाळीच्या साफसफाईला किंवा पाइपच्या दुरुस्तीला आतले चार-पाच स्क्रू काढले की तेवढा तुकडा सुटून हातात येतो. फेव्हिकॉल फक्त शोभेच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यात लावा, कपाटाच्या माथ्यावर थेंबभरही नको.

माळ्याखाली तर आतून स्क्रू मारण्यावाचून गत्यंतरच नाही. ५ इंचांत ड्रिल मशीन उभं शिरत नाही.

शटरची वरची कड आणि पट्टीचा तळ यांत ३ मिलिमीटर जागा सोडा. एक मिलिमीटर सोडून फार सुबक दिसेल असं सुतार म्हणेल. बिजागऱ्या वर्षभरात सैल होतात, शटर जरा खाली येतं, मग कुणीतरी स्क्रू फिरवून ते वर उचलतं आणि लॅमिनेटची कड पट्टीला घासून निघते. एखादं शटर बाजूला न उघडता वर उचललं जाणारं असेल, तर त्याची गोष्ट वेगळी. काही प्रकारांत शटर उघडताना वरच्या कडेच्या पुढे-वर येतं, काहींत ते आख्खं कपाटाच्या माथ्यावर चढतं. अशा शटरला पूर्ण उघडून, माथ्यावर फूटपट्टी धरून ते किती वर येतं ते बघा. यंत्रणेच्या माहितीपत्रकातही वर किती जागा लागते ते दिलेलं असतं. माथ्यावर चढणारं शटर असेल तर त्या कपाटावर ही पट्टी बसणारच नाही.

आता आडव्या भिंतीचं. तिथे उभी पट्टी ७० ऐवजी पूर्ण ५ इंचांची घ्या, म्हणजे ती माळ्याच्या तळापर्यंत पोचेल, आणि पुढची १८ मिलिमीटरची आडवी पायरी तिच्या तोंडावर त्याच उंचीवर, मागून स्क्रू मारून बसवा. समोरून पाहणाऱ्याला रेघ अखंड दिसेल. या पट्टीची लांबी मात्र नीट समजून घ्या. कोपऱ्यात लांब भिंतीच्या कपाटांची तोंडं जिथे येतात तिथेच ती थांबवली, तर मागे कोपऱ्यातल्या कपाटाच्या माथ्यावरून एक बोळ उघडा राहतो. मग पुढून बंद केलेल्या फटीत झुरळं मागच्या दाराने जातात. ही पट्टी थेट लांब भिंतीला टेकेपर्यंत, पूर्ण पाच फूट न्या. लांब भिंतीची ७० ची पट्टी येऊन तिला काटकोनात टेकेल. आतल्या कोपऱ्यात ४५ चा काप मारू नका, सरळ टेकवा. आतला ४५ चा सांधा थोडा जरी सरकला तरी फट समोर दिसते, टेकवलेला सांधा सरकला तरी झाकलेला राहतो.

माळ्याचा तळ सरळ नसणारच. पट्टी साडेपाच इंच रुंद कापा, फटीच्या समोर पाणसळीत धरा, पेन्सिल एका छोट्या लाकडी तुकड्यावर टेकवून तो तुकडा माळ्याच्या तळाला लावत टोकापर्यंत ओढा. तळाचा चढउतार पट्टीवर उतरेल. त्या रेघेवर जिगसॉने कापा, रंध्याने घासा. वर दोन-तीन मिलिमीटर फट राहू द्या आणि ती रंग देता येणाऱ्या अॅक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकोनवर रंग बसत नाही. फट बंद करण्याआधी एक गोष्ट तपासा. महानगर गॅसची पाइपलाइन किंवा तिचा व्हॉल्व्ह त्या ५ इंचांतून जात असेल, तर तो भाग बंद करायचा नाही. पाइपचा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, गळती झाली तर तो वर चढून बंद पोकळीत साठतो. प्लगचा सॉकेट किंवा प्युरिफायरची नळी तिथे असली तरी ती आधी बाहेर काढून घ्या.

चिमणीवरून पट्टी सलग नेण्याचा मोह होतो, कारण तेवढ्या दोन फुटांतच रेघ तुटते. नेऊ नका. चिमणीचं वरचं आवरण सर्व्हिसिंगला वर-खाली होतं, पट्टी त्याच्या आड येते. शिवाय सगळ्यांत जास्त वाफ आणि तेल त्याच जागी. दोन्ही कपाटांवरची पट्टी चिमणीच्या बाजूने वळवून भिंतीपर्यंत न्या. मोकळ्या टोकांनाही तसंच. वळवली नाही, तर बाजूने कापलेली उघडी पट्टी आणि तिच्या मागचा पाइप दोन्ही दिसतात. खिडकीकडे वळवण्याआधी खिडकीचा पल्ला किंवा जाळी पूर्ण उघडून बघा.

किती माल लागेल, ते असं. खिडकीकडच्या कपाटाला समोर ३० इंच आणि दोन बाजू साडेतेरा-साडेतेरा. कोपऱ्याकडच्या भागाला ४८ मधून आडव्या कपाटांची खोली वजा जाता साडेचौतीस आणि चिमणीकडची एक बाजू. आडव्या भिंतीला साडेसेहेचाळीस आणि दाराकडची एक बाजू. बेरीज १६५ इंच. बाहेरच्या चार कोपऱ्यांवर आडवी पायरी पाऊण इंच पुढे येते, दोन्ही बाजूंनी मिळून आणखी सहा इंच. म्हणजे आडवी पट्टी १७१ इंच, सव्वाचौदा फूट. आठ फुटी दोन पट्ट्यांत कागदावर हे बसतं : एकीत मोठा तुकडा आणि तीन बाजू, दुसरीत उरलेलं. प्रत्यक्षात तिसरी घ्याच, कारण ४५ चा एक काप उलटा पडला की मोठा तुकडा वाया जातो आणि तो कधी ना कधी पडतोच. उभ्या पट्टीच्या ७० रुंदीच्या दोन आणि साडेपाच इंची एक, सगळ्या आठ फुटी. माळ्याखाली पुढची पायरी जेमतेम २० मिलिमीटरची असल्याने ती याच आडव्या पट्टीतून चिरून निघेल. एकूण प्लाय आठ फूट बाय दीड फुटाहून थोडा जास्त झाला. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही, सुताराच्या दुसऱ्या कामातला उरलेला तुकडा चालेल, फक्त शिक्का बघून घ्या.

मजुरी रनिंग फुटावर सांगतील. सरळ फूट सोपे असतात, वेळ कोपरे खातात, आणि तुमच्याकडे चौदा फुटांत चार बाहेरचे आणि एक आतला कोपरा आहे. म्हणून दर ठरवताना कोपरे आणि माळ्याखालचं काम धरून आकडा आहे का, ते आधीच विचारा. बाहेरच्या कोपऱ्याचा ४५ चा काप मारण्याआधी गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून बघा. खोका काटकोनात नसेल, समजा ९१ अंश निघाला, तर दोन्ही तुकड्यांच्या टोकाचा कोन साडेपंचेचाळीस यायला हवा, म्हणजे मशीन साडेचव्वेचाळीसवर लावावं लागतं. ४५ वरच कापून फट पुटीने भरलेली लॅमिनेटवर कायम दिसते.

हे पत्र वाचणाऱ्या ज्यांच्याकडे चौकटीची शटर आहेत आणि गोलाईचं तिरकं कॉर्निसच लावायचं आहे, त्यांच्यासाठी थोडं. ही पट्टी मशीनवर आडवी झोपवून ४५ वर कापली तर कोपरा कधीच जुळत नाही. ती उलटी धरायची : सीलिंगकडची कड मशीनच्या तळाला, कपाटाकडची कड मागच्या आडोशाला, बसल्यावर जितकी तिरकी राहणार तितकीच तिरकी. मग ४५ चा साधा काप चालतो. झोपवूनच कापायची असेल, तर ३८ अंशांच्या पट्टीला मशीन ३१.६ अंशांवर वळवून पातं ३३.९ अंश कलतं ठेवावं लागतं. ४५ अंशांच्या पट्टीला हेच आकडे ३५.३ आणि ३०. आपली पट्टी कोणत्या अंशाची, ते दुकानात विचारून घ्या. नाहीतर आधी टाकाऊ तुकड्यावर काप मारून जुळवून बघा.

सासूबाईंच्या डब्यांना चिमणी आणि कोपरा यांच्यामधली जागा द्या, कारण पाइप त्या बाजूला नाही. साडेतीन इंची पट्टीमागे डब्यांचे तळ झाकले जातील, तेव्हा मागे तीन इंच उंचीचा लाकडी पाट ठेवा आणि डबे त्यावर मांडा. डबे रिकामेच ठेवा. भिंतीला टांगलेल्या कपाटाच्या माथ्यावर धान्याने भरलेलं पितळ नको. पट्टी हा कठडा नव्हे, तिच्यावर रेलून काही उभं करू नका. पितळ तिथे काळवंडेल आणि चिकटही होईल, त्यामुळे चिंच-मिठाची तयारी ठेवा. उरलेल्या माथ्यावर वर्तमानपत्राचे दोन थर पसरा आणि तीन-चार महिन्यांनी बदला. तेलकट धूळ कागदात जाते, लॅमिनेट घासत बसावं लागत नाही. पट्टी पुसायला कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात, तारेची घासणी लावू नका.

पावसाळ्याआधी उरका, हो. लॅमिनेटच्या कामाला पावसाळ्यात फेव्हिकॉल सुकायला जास्त वेळ लागतो इतकंच, रात्रभर दाबून ठेवलं तर निभावतं. जूननंतर हवेतलं बाष्प ८० टक्क्यांच्या वर गेल्यावर लाकडाचं पॉलिश मात्र पांढरट पडतं, म्हणून सागवानी पट्टीवर मन गेलंच तर ती मे संपायच्या आत पॉलिश होऊन आलेली हवी. प्लाय कापणं आणि एजबँड दुकानातच करून आणा. घरात फक्त कोपऱ्यांचे काप आणि बसवणं, म्हणजे धूळही कमी आणि शेजाऱ्यांची तक्रारही.

सुताराचे शेवटचे पैसे देण्याआधी सगळी शटरं एकाच वेळी पूर्ण उघडायला लावा, आणि पाइपवरचा तुकडा आतून स्क्रू काढून एकदा उतरवून परत बसवून दाखवायला सांगा.